मुक्कामाची जागा: स्थानपोथीपासून मसूरच्या वाटेपर्यंत

मराठी माणूस आपला कायमचा पत्ता लिहितो, तोही ‘मु. पो.’ या दोन अक्षरांपासून. ‘मुक्काम’ हा मूळचा अरबी शब्द. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि प्रवासात थांबण्याची, त्यातही रात्रीपुरती थांबण्याची जागा या अर्थाने रुळला. घराच्या पत्त्याला तो चिकटला तो टपालखात्याच्या कृपेने. ‘मजल’ हा त्याचाच सोबती. एका दिवसात कापायचे अंतर ती मजल, आणि मूळ अर्थाने जिथे उतरायचे ती जागाही मजलच. ‘वस्ती’ हा शब्द मात्र संस्कृत ‘वसति’वरून आलेला, आणि त्याचे दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत. गावाबाहेरची चार घरे म्हणजे वस्ती, आणि पाहुण्याने रात्रीपुरते राहणे म्हणजेही वस्तीच. संध्याकाळी आडगावात जाऊन रात्रभर तिथेच उभी राहणाऱ्या आणि पहाटे तालुक्याच्या गावी परतणाऱ्या एस. टी.ला लोक ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. उतारा, तळ, बिऱ्हाड, पाल, पडाव, सराई, धर्मशाळा हे शब्द आणखी वेगळे.

शब्दांची अशी श्रीमंती असलेल्या भाषेत रात्रीच्या मुक्कामाकडे वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून आपण फारसे पाहत नाही. प्रवासवर्णन शिकवताना प्रस्थानाचे कारण सांगितले जाते, वाटेतले निसर्गवर्णन वाचले जाते, शेवटी तीर्थ किंवा शहर गाठले जाते. रात्र वगळली जाते. वास्तविक पायी किंवा बैलगाडीने चालणाऱ्या माणसाचा प्रवास हा रात्रींनीच बांधलेला असे. बैलाची मजल पंधरा-वीस मैलांची. ती कुठे संपवायची, म्हणजे पाणी कुठे आहे, बैलांना कडबा कुठे मिळेल, चोरांची भीती कुठे नाही, हे ठरल्याखेरीज सकाळी जू मानेवर चढत नसे.

पण पाणी, चारा, सावली आणि छप्पर हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर ‘कोण तुम्ही?’ या साध्या प्रश्नाला वाटसरू काय सांगतो, यावर ठरत असे. हे ध्यानात घेतले नाही तर आपल्याकडील आतिथ्याची परंपरा, अतिथीला देव मानणे वगैरे बोलणे नुसते सुभाषितापुरते उरते. म्हणून येथे तीन निरनिराळ्या काळांतील लेखनांकडे केवळ या एका बाजूने पाहावयाचे आहे. त्यांतील दोन मराठीत लिहिलेली आहेत. तिसरे इंग्रजीत आहे, पण त्यातला रस्ता, त्यातली माणसे आणि त्यातले दुःख पूर्णपणे या मातीतले आहे.

रात्रीच्या जागांची नोंद ठेवण्याचे काम मराठी गद्याने फार लवकर हाती घेतले. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून गोळा करून रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते सुमारे १२७८ मध्ये. चक्रधरांचे आयुष्य गोदाकाठी आणि वऱ्हाडात भटकण्यात गेले होते. त्यामुळे त्यांचे चरित्र हे आपोआपच त्यांच्या मुक्कामांचे चरित्र झाले. पुढे चौदाव्या शतकात याच सामग्रीतून ‘स्थानपोथी’ तयार झाली. परंपरा तिचे कर्तृत्व मुनिव्यास कोठींकडे देते. स्वामी जिथे जिथे थांबले त्या जागांची ही गावोगावची यादी आहे, आणि तिची शिस्त थक्क करणारी आहे. दीर्घकाळ राहिले ते ‘अवस्थान’, रात्रीपुरते राहिले ती ‘वसति’, नुसते टेकले ते ‘आसन’. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, दारवंठा कोणत्या बाजूस, पटिशाळेच्या कोणत्या अंगाला स्वामी निजले, हे सारे त्यात येते.

ही काटेकोर नोंद इतिहासासाठी केलेली नाही, हे उघड आहे. नेमक्या त्या जागी मस्तक टेकवता यावे, एवढाच तिचा हेतू. आजही अनेक जुन्या देवळांत आणि गावांबाहेर महानुभावांचे ओटे दिसतात, ते याच स्थानांवर बांधलेले. पण भक्तीने जे जपले, त्यातून यादवकालीन वाटसरूची रात्र आपल्याला अनायासे दिसते. तो बहुधा कोणाच्या माजघरात निजत नाही. तो देवळाच्या पटिशाळेत निजतो, मढात निजतो, गावाबाहेरच्या ओसाड देवळात निजतो. त्या काळचे देऊळ हे देवाचे घर तर होतेच, शिवाय ते गावाची पांथशाळाही होते. जवळ पाणी, वर दगडी छप्पर, दार बंद करणारा कोणी नाही. हेमाडपंती देवळांच्या शिल्पाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या मोकळ्या मंडपांत किती हजार अनाम माणसांनी एकेक रात्र काढली असेल, हे शिल्पाच्या पुस्तकात येत नाही.

अर्थात चक्रधरांचा मुक्काम हा व्यापाऱ्याचा मुक्काम नव्हे. महानुभाव आचारधर्मात ओळखीच्या मुलखापासून दूर, कोणत्याही गावाला आपले न म्हणता, झाडाखाली आयुष्य घालवणे हा आदर्श आहे. जागा चांगली असणे हेच तिथे संकट, कारण चांगल्या जागेचा लोभ सुटत नाही. जो स्वेच्छेने बेघर झाला आहे त्याचे झाडाखाली निजणे आणि ज्याला गावात घेतले जात नाही त्याचे झाडाखाली निजणे बाहेरून सारखेच दिसते. संतवाङ्मय वाचताना आपण पहिल्याचे कौतुक करण्यात इतके रमतो की दुसरा त्याच झाडाखाली बसला असल्याचे नजरेतून सुटते.

आता गावाच्या बाजूने पाहू. तटबंदी असलेल्या गावाला वेस असे, आणि वेशीवर वेसकर. तिन्हीसांजेनंतर आलेला परका माणूस प्रथम त्याच्या नजरेस पडे. वेसकराचे काम वतनाने महाराकडे होते. वाटसरूला रस्ता दाखवणे, पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोबत करणे, त्याचे ओझे वाहणे, सरकारी अंमलदाराचा मुक्काम पडला तर सरपण आणून देणे, रात्री गस्त घालणे ही सारी कामे महार वतनाचा भाग होती. म्हणजे परक्या माणसाला या मुलखात रात्रीची जागा दाखवणारा जो पहिला हात होता, तो ज्याला वेशीच्या आत घर नव्हते त्याचा होता. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते १९२८ मध्ये. मधली तीस वर्षे तशीच गेली.

पाहुणचाराला खर्चाची बाजूही होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात फिरस्त्यांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना आजचा वाचक अवघडतो, कारण लेखकाची सहानुभूती कुणब्याच्या कणगीकडे आहे, तिच्यातून मूठभर घेऊन जाणाऱ्या भटक्याकडे नाही. तरी त्याची तक्रार समजून घेतली पाहिजे. गावाजवळ कोणाचाही तळ पडला, मग तो गोसाव्यांचा असो, वंजाऱ्यांचा असो की साहेबाचा, की त्याचा भार शेवटी शेतकऱ्यावर आणि वेठीला धरल्या जाणाऱ्या बलुतेदारांवर पडे. साहेबाच्या तंबूचा भार सर्वांत जड असे, पण त्याविषयी चावडीवर मोठ्याने बोलता येत नसे. फिरस्त्याविषयी बोलता येई.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आपण सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून वाचतो आणि वाचायला देतो. विद्यार्थ्यांना झाशीचा वेढा आवडतो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु हे पुस्तक एकदा नुसते मुक्कामांसाठी वाचून पाहावे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्जाने गांजलेला आहे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता येते आणि दक्षिणेच्या आशेने तो आपल्या रामभटकाकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघतो. महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांकडून त्यांना येऊ घातलेल्या उठावाची चाहूल लागते. येथे एक गोष्ट सहज कळते. धर्मशाळा किंवा वाटेवरचा तळ हे त्या काळचे वर्तमानपत्र होते. चूल पेटवून बसलेली अनोळखी माणसे एकमेकांना पुढचा रस्ता विचारत, आणि रस्त्याबरोबर राज्येही कळत.

गोडसे भटजींच्या प्रवासाला एक अदृश्य आधार होता. इंदूर, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी ही सारी मराठी राज्ये. प्रत्येक ठिकाणी दक्षिणी ब्राह्मणांची घरे, देवळे, अन्नछत्रे, घाट, धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या कारकिर्दीत (१७६७ ते १७९५) तीर्थांच्या वाटांवर जी बांधकामे केली, त्यांची आपल्याकडची वर्णने काहीशी कोरडी असतात. इतके घाट, इतकी देवळे, इतक्या विहिरी. त्या बांधकामांचा उपयोग कसा होई, हे वरसईहून निघालेल्या या गरीब माणसाच्या पुस्तकात कळते. गाव कोणते, गोत्र कोणते, शाखा कोणती, हे प्रश्न त्याला विचारले जात. आणि त्यांची उत्तरे दिली की ओसरी मिळे, शिधा मिळे, कधी दक्षिणाही मिळे. तो अनेकदा लुटला गेला. झाशी पडली तेव्हा तो शहरात अडकलेला होता आणि तिथली कत्तल त्याने पाहिली. भूक, भीती, पळापळ, काय भोगावयाचे राहिले? तरीही त्याचे नाव आणि जात ही त्याच्याजवळची न लुटली जाणारी पुंजी होती. ती दारे उघडत असे.

त्याच पुस्तकातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा आहे. झाशीतून निसटलेली राणी तहानेने व्याकुळ होऊन विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ब्राह्मणाकडून पाणी ओढवून घेणे तिला योग्य वाटत नाही, म्हणून ती स्वतः मडके विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. वर्गात हा प्रसंग राणीच्या धैर्याचा आणि शालीनतेचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण राज्य गेलेली राणीही विहिरीच्या काठावर पाणी कोणी ओढायचे हे जातीच्या क्रमाने ठरवते, हेही त्यात आहे. या प्रसंगात त्या क्रमाचा त्रास कोणालाच होत नाही, म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही इतकेच.

गोडसे अडीच-तीन वर्षांनी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांचे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये छापले. ते छापले जाण्यापूर्वी सहा वर्षे, म्हणजे १९०१ च्या सुमारास, साताऱ्याहून चार मुले आपल्या वडीलधाऱ्यांना भेटायला निघाली होती. त्यांपैकी एक भीमराव.

आंबेडकरांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींत लिहिली. हे लिखाण त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. ते पुस्तिकेच्या रूपाने आले १९९० मध्ये. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तिथे तलाव बांधत होते. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावून घेतले. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि मोठ्या बहिणीचे दोन मुलगे. इंग्रजी कापडाचे नवे सदरे, झगझगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे. आगगाडीचा हा त्यांचा पहिलाच प्रवास. फराळाचे डबे भरलेले, जवळ पैसे. मसूर स्टेशनवर ती संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांचे कपडे पाहून ती ब्राह्मणांची असावीत असे त्याला वाटले होते. ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नाला मुलाने खरे उत्तर दिले, आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले बरेच होते, पण महारांची मुले गाडीत घ्यायला कोणी तयार होईना, दुप्पट भाडे देऊ केले तरी. शेवटी तोड निघाली. भाडे दुप्पट आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी चालणार. तीन तासांची म्हणून सांगितलेली वाट रात्र झाली तरी संपेना. डब्यांत अन्न होते, पण पाणी नव्हते. वाटेतल्या नदीपात्रात होते ते शेणामुताने गढूळलेले. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी टोलनाक्याच्या झोपडीशी पोहोचली. मुलाला उर्दू बोलता येत होते. त्याने नाकेदाराला आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. तेही मिळाले नाही. मुसलमानांसाठी इथे पाणी कोणी ठेवले आहे, असे उत्तर आले. मग दोघांनी निजायचे आणि दोघांनी जागायचे, अशी पाळी लावून चार मुलांनी ती रात्र गाडीत काढली. भरलेले डबे शेजारी तसेच. गोरेगाव गाठले दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास.

गोडसे भटजींची आणि या मुलांची रात्र शेजारी ठेवली की काही गोष्टी फार स्पष्ट दिसतात. भटजी युद्धाच्या धुमाळीत होते, मुले शांततेच्या काळात. भटजी कंगाल होते, मुलांजवळ पैसे होते. भटजी परमुलखात होते, मुले स्वतःच्या जिल्ह्यात. सुरक्षित रात्रीसाठी जे जे लागते असे आपण मानतो ते सारे मुलांजवळ होते. रेल्वेने त्यांना जात न विचारता तिकीट दिले होते, पण रेल्वेची हद्द फलाटाशी संपत होती. फलाटाबाहेर पडले की रस्ता सरकारचा, नाका सरकारच्या परवानगीचा, आणि तरीही पाण्याचे मडके मात्र गावाचे. एकोणिसाव्या शतकाने दळणवळणात क्रांती केली असे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. ते खरेच आहे. मात्र मसूर ते गोरेगाव एवढ्या अंतरात ती क्रांती पोहोचली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला रात्री पाणी हवे असेल तर नाव बदलावे लागते, हे एका संध्याकाळीत कळले. पुढे १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना उतरायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत ते राहिले ते नोंदवहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. तो प्रसंग शहरातला आहे. आपला विषय ग्रामीण वाटांचा. पण नोंदवहीतले ते खोटे नाव आणि टोलनाक्यावरचे उर्दू हे एकाच अनुभवाचे दोन टोकांचे दाखले आहेत. गोडसे भटजींना जे खरे सांगून मिळत होते, ते यांना खोटे सांगूनही मिळत नव्हते. आणि आंबेडकर मोठे नेते झाल्यावरही हे सुटले नाही. १९२९ मध्ये चाळीसगावी लोकांच्या आग्रहाखातर ते रात्री राहिले, तेव्हा त्यांना महारवाड्यात नेण्यास टांगेवाले तयार नव्हते. शेवटी टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाने तो हाकला, आणि पुलावर अपघात होऊन ते बाहेर फेकले गेले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, हे महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून सर्वांना ठाऊक असते. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी त्याची शिफारस होती. या यादीत आणखी एक शब्द होता. धर्मशाळा. १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि पाणी इतिहासाच्या मध्यभागी आले, ते योग्यच झाले. धर्मशाळा मात्र यादीतच राहिली. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाणी रोज लागते आणि ते गावच्याच माणसाला लागते. त्याच्यासाठी लढणारे लोक दुसऱ्या दिवशीही त्याच गावात असतात. रात्रीची जागा नाकारली गेलेला वाटसरू उजाडताच पुढे निघून जातो, आणि त्याची तक्रार त्याच्याबरोबर जाते. म्हणूनच मुक्कामाच्या अन्यायाचा पुरावा कचेरीच्या दप्तरात कमी आणि आत्मकथनांत अधिक सापडतो. दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने शिकवताना आपण त्यांतील वेदनेबद्दल बोलतो. ती रस्त्यांच्या इतिहासाची साधनेही आहेत, हे सांगत नाही.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) असे वाचता येते. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घालून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला प्रत्येक संध्याकाळी हाच प्रश्न असतो: पाल कुठे टाकायचे? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने, आणि तो १९११ नंतर मुंबई इलाख्यात लागू झाल्यावर येथेही, अनेक भटक्या जमातींचा मुक्काम हीच गुन्ह्याची खूण ठरवली. नोंदणी, हजेरी, गाव सोडताना परवाना. इतरांना ‘कोण तुम्ही?’ हा प्रश्न दारात विचारला जात होता, यांना तो चौकीत विचारला जाऊ लागला. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. प्रश्न विचारण्याची सवय त्यानंतरही किती काळ टिकली, हे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचणाऱ्याला सांगायला नको.

आषाढी वारी याला अपवाद आहे का? तिथे तर मुक्काम हाच सोहळा. आळंदीहून निघालेल्या पालखीचे तळ ठरलेले आहेत. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी घडी घालून दिली तिच्यात तळावरची समाजआरती, चोपदारांचा दंडक, दिंड्यांचे क्रम सारे नेमून दिलेले आहे. लाखभर माणसे एका माळावर उतरतात आणि सकाळी माळ मोकळा होतो, ही व्यवस्था पाहताना कोणीही नतमस्तक व्हावे. दि. बा. मोकाशी यांनी ‘पालखी’ (१९६४) मध्ये या रात्री फार प्रामाणिकपणे टिपल्या आहेत, पावसासकट आणि अंगदुखीसकट. पण त्याआधी इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’मधील ‘वाटचाल’ या लेखाने एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. दिवसभर एका सुरात भजन म्हणणारी त्यांची दिंडी मुक्कामाला जेवायला बसताना ब्राह्मण आणि मराठे अशी वेगळी होत असे. बाईंना ते खुपले आणि त्यांनी ते लिहिले. चालताना लोक एकत्र असतात. रात्री चूल पेटली की कोण कोणाचे ते दिसते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, रस्ते यांच्या वापरातला भेद निषिद्ध केला. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द स्पष्टपणे घातलेले आहेत. कायद्याची भाषा रूक्ष म्हणून आपण साहित्यवाले ती वाचत नाही. या तीन शब्दांची यादी मात्र वाचावी. ती करणाऱ्यांना मसूरची वाट ठाऊक होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कायद्याच्या आधीपासून हे काम वीट-चुन्याने करणारा एक माणूस होता. गाडगेमहाराज स्वतः कोणाच्या बंगल्यात राहत नसत; कीर्तन झाले की कुठेतरी उघड्यावर अंग टाकत. आणि आयुष्यभर त्यांनी बांधल्या त्या धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरपुरात तर जातीच्या नावाच्या धर्मशाळाही त्यांनी उभ्या केल्या, मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा अशा. जातिभेदावर कोरडे ओढणाऱ्या या माणसाने जातीच्या नावाने इमारती का बांधाव्यात, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. मला वाटते, त्यांना पंढरीची रात्र माहीत होती. सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या ओवरीत प्रत्यक्षात कोणाला जागा मिळते आणि कोण चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत राहते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १९२० च्या सुमारास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीपाशी, बाहेर आहे. त्यांच्या नावाच्या इमारतीत शिरताना मात्र कोणाला आपले नाव बदलावे लागत नव्हते.

ही धर्मशाळा १९४९ मध्ये गाडगेमहाराजांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला वसतिगृहासाठी देऊन टाकली. जिथे वारकरी वारीपुरते उतरत, तिथे आता मुले वर्षभर राहून शिकणार होती. २० डिसेंबर १९५६ रोजी, आंबेडकरांच्या निधनानंतर दोन आठवड्यांनी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेमहाराजांचा अंत झाला. तोही प्रवासातच, गाडीत.